किलोला दहा ग्रॅम

एप्रिल उजाडला की आष्ट्यातल्या आमच्या गल्लीत शिंका सुरू होतात. कुणाच्या अंगणात ब्याडगी वाळत पडलेली असते, कुणाची संकेश्वरी देठं खुडून पोत्यात भरलेली असते. दुपारपर्यंत आत्तीच्या डंक्यापुढं डब्यांची रांग लागते. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला. आत्ती गेली तीस वर्षं लोकांची चटणी कुटून देते आणि मी पुण्याहून दरवर्षी आमच्या घरची करायला येते.

यंदा मसाला निवडायचं काम माझ्याकडं होतं. सुपात चक्रीफूल घेऊन बसले होते. आत्ती त्याला बाद्यान म्हणते. तेवढ्यात धाकटा भाऊ आला. कृषी पदविका झालेला, तीस गुंठ्यांचा मालक, त्यातले दहा गुंठे क्षारानं पांढरे पडलेले. हातात एक रंगीत पत्रक होतं. त्यानं ते सुपावरच ठेवलं.

"आक्का, हे वाच. चक्रीफुलाची रोपं. चौथ्या वर्षी फळ. ऊस काढतो आणि हे लावतो."

आत्तीनं कढईखालचा जाळ कमी केला. "कुठल्या रानात?"

"गावंदरीच्या. तिथला ऊस तरी कुठं धड येतोय?"

"जिथं ऊस येत न्हाई, तिथं झाड येणार?"

इथून जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. मी दोघांच्या मधे बसून होते, निवडत होते आणि मधूनमधून बोलतही होते. दोघांचंही म्हणणं मला टाकता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

भावाचं पहिलं म्हणणं सरळ होतं. आपल्या चटणीत हे फूल पडतं, बिर्याणीत पडतं, मटणाच्या खड्या मसाल्यात पडतं. मसाला मंडळाच्या यादीतल्या 52 मसाल्यांत त्याचं नाव आहे. आणि बाजारात येणारं जवळपास सगळं फूल व्हिएतनाम आणि चीनमधून येतं. "आत्ती, तू वर्षाला किती किलो घेतेस? तुझ्यासारखे डंके या जिल्ह्यात किती? हा सगळा पैसा बाहेर जातो. तो आपल्या रानात का येऊ नये?"

"मी घेते किलोला दहा ग्रॅम," आत्ती म्हणाली. "एक किलो मिरचीला दहा ग्रॅम बाद्यान. पंधरा घातलं की चटणी कडवट होती आणि औषधाचा वास मारती. एवढंच लागणारी वस्तू रानभर कशाला लावायची?"

"लवंग तरी किती लागते? म्हणून लवंग लावणारे उपाशी मेले का?"

हे उत्तर मला पटलं. थोडं लागतं म्हणून वस्तूचं मोल कमी होत नाही, मसाल्याचा सगळा व्यापार याच्यावरच उभा आहे. आत्तीही गप्प झाली. तिनं धने कढईत टाकले.

भावानं मग दुसरं काढलं, आणि ते जास्त जोराचं होतं. "परकं झाड म्हणतेस, तर ही मिरची कुठली? अमेरिकेतली. पोर्तुगीज घेऊन आले सोळाव्या शतकात. त्याआधी आपल्या पणज्यांच्या पणज्या काळ्या मिऱ्यावर तिखट करत होत्या. तासगावची द्राक्षं कुठली? थॉम्सन बाहेरून आलं. त्याच वेलीत आपल्या बोरगावच्या माणसाला एक वेगळी फांदी दिसली, त्याची 'तास-ए-गणेश' झाली. त्यानं जर म्हटलं असतं की हे आपलं नाही, तर आज तासगावात बेदाण्याचे सौदे झाले असते का?"

आत्तीला तासगावचं सगळं माहीत आहे, तिची थोरली लेक तिकडंच दिली आहे. ती म्हणाली, "द्राक्षाला कोरडी हवा लागती. तासगावला पाऊस न्हाई, म्हणून द्राक्ष तिथं रमलं. पाऊस पडला की बागवाला रात्रभर झोपत न्हाई. वेलीनं जागा बघितली, मग माणसानं वेल बघितली. तुझ्या झाडाला काय लागतं ते सांग आधी."

पत्रकात ते कुठंच नव्हतं. तिथं फक्त पैसे होते.

म्हणून मला माहीत होतं ते सांगितलं. चक्रीफूल हे दक्षिण चीन आणि ईशान्य व्हिएतनाममधलं सदाहरित झाड. दहा-पंधरा मीटर उंच होतं. जगातलं बरंचसं पीक चीनच्या ग्वांगशी भागात निघतं, आणि व्हिएतनाममध्ये लांग सोन नावाचा डोंगराळ प्रांत त्यासाठी ओळखला जातो. तिथल्या चक्रीफुलाला त्यांच्या देशात भौगोलिक मानांकन आहे, जसं 2018 साली आपल्या सांगलीच्या हळदीला मिळालं. वर्षाचं सरासरी तापमान तिथं 21 अंशांच्या आसपास. माती आम्लधर्मी, पाण्याचा निचरा होणारी, उताराची. लहान रोपाला सावली लागते.

"आणि आपल्याकडं?" आत्तीनं विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं.

आपल्याकडं काळी, चिकट, विम्लधर्मी जमीन. पाऊस जेमतेम 600-700 मिलिमीटर. मे महिन्यात पारा चाळिशीला. आणि कृष्णाकाठानं वर्षानुवर्षं पाटाचं पाणी देऊन देऊन खालून वर आलेलं मीठ.

भाऊ खट्टू झाला, पण हटला नाही. "ठीक. आष्ट्यात नाही तर शिराळ्याच्या पश्चिमेला. चांदोलीकडं. तिथं तांबडी माती आहे, उतार आहे, पाऊस तर धो धो. मामांचं परडं तिकडंच आहे. तिथं का नाही?"

हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. आष्ट्यापेक्षा शिराळ्याचा डोंगर त्या झाडाला कितीतरी जवळचा आहे. पण एक गोष्ट तिथंही आडवी येते, आणि आमच्या शेतीच्या गप्पांत ती कुणी फारशी काढत नाही. सह्याद्रीवर पाऊस पुष्कळ पडतो, तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. दिवाळीनंतर आभाळ कोरडं ते मृगापर्यंत. उत्तर व्हिएतनामच्या डोंगरात हिवाळा संपता संपता बारीक झिमझिम चालू असते, दिवसचे दिवस धुकं हटत नाही. त्या झाडाला पाऊस किती पडतो यापेक्षा हवा किती महिने ओली राहते हे महत्त्वाचं. आपल्या डोंगरात फेब्रुवारीला गवत पेट घेतं.

"ठिबक लावीन," भाऊ म्हणाला.

"मुळाला पाणी देशील. पानाला कोण देणार?" आत्ती.

या वाक्यावर भाऊ पहिल्यांदा हसला. ती डंक्यावर बसते म्हणून तिला झाडाचं कळत नाही असं त्याला वाटत असावं. पण आत्तीनं सासरी वीस वर्षं हळद केली आहे. हळदीचं बेणं कधी तापतं, कधी कुजतं, हे तिनं हातानं पाहिलं आहे. हरिपूरच्या जमिनीतल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं कशी टिकायची ते ती अजून रंगवून सांगते. 2005 च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं. "ती माती हरिपूरची होती म्हणून पेव झालं. आष्ट्यात खणलं असतं तर हळदीचा काला झाला असता. पाच-सात कोसांत एवढा फरक. आणि तू समुद्रापलीकडचं झाड आणतोस."

मग तिनं परसाकडं बोट केलं. तिथं काळ्या पिशव्या ओळीनं मांडलेल्या होत्या, चाळीस. भावानं फेब्रुवारीत आत्तीच्या डब्यातल्या चक्रीफुलातल्या बिया काढून त्यात लावल्या होत्या. रोज झारीनं पाणी घातलं होतं. एकाही पिशवीत कोंब नव्हता.

त्यात भावाची चूक नव्हती. चक्रीफुलाचं बी तेलकट असतं. फळातून काढल्यावर लगेच पेरलं नाही तर त्याचा जीव जातो. मसाल्याचं फळ हिरवं असताना तोडतात, उन्हात वाळवतात, तेव्हा ते तांबूस तपकिरी होतं. ते वाळतानाच बी मेलेलं असतं. तांदूळ पेरून भात उगवत नाही, तसंच.

"मग रोपं विकणाऱ्यानं रोपं कुठून आणली?" आत्तीनं विचारलं.

तोच खरा प्रश्न होता. इथं मला थोडं थांबून बोलायला हवं, कारण यात भाबडेपणा नुसता पैसे बुडवत नाही.

चक्रीफुलाच्या कुळात अनेक झाडं आहेत. अरुणाचलात तवांग आणि पश्चिम कामेंगच्या जंगलात त्यांतलं एक आपोआप वाढतं. मोन्पा लोक त्याची फळं गोळा करून विकतात, ती औषधासाठी जातात. ते आपल्या डब्यातलं चक्रीफूल नव्हे, त्याचं भाऊबंद. दुसरं जपानचं. तिथं त्याला शिकिमी म्हणतात. बौद्ध देवळांत आणि थडग्यांवर त्याच्या फांद्या वाहतात. त्याचं फळ अगदी चक्रीफुलासारखं दिसतं आणि ते विषारी आहे. पोटात गेलं तर उलट्या होतात, झटके येतात. 2003 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं चक्रीफुलाचा चहा पिऊ नका म्हणून इशारा दिला, कारण तो प्यायलेल्यांत तान्ही मुलंही आजारी पडली होती. वाळलेलं फळ नुसतं बघून सांगता येत नाही. पूड झाल्यावर तर मुळीच नाही.

"मग आपलं हे?" भावानं सुपाकडं बघितलं.

आत्तीनं एक फळ उचललं. तिची पद्धत अशी: आधी पाकळ्या मोजते, आठ असाव्यात. फळ नीट उमललेलं, प्रत्येक पाकळीत चकचकीत तपकिरी बी. मग एक पाकळी मोडते आणि तळहातावर अंगठ्यानं घासते. बडीशेपेसारखा गोड वास नाकात लगेच आला पाहिजे. बी बाजूला काढून टाकते, कारण वास सालीत असतो, बियात नाही. वासाचं तेल काढून घेऊन उरलेला चोथा वाळवून विकायची लबाडी या धंद्यात जुनी आहे. ते फळ दिसायला ठणठणीत असतं. घासलं की लाकडाच्या भुशासारखा वास येतो. असला माल आत्ती दुकानदाराला तोंडावर परत करते. कडवट लागलं, कापरासारखा वास आला तरी परत. तिचं नाक ही प्रयोगशाळा नव्हे, हे मी तिला सांगितलं आणि तिनं ते मान्य केलं. पण तान्ह्या बाळाला बाद्यानाचा काढा द्यायचा नाही एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. पोटात वारा धरला की इकडे अजून कुणी कुणी चमचाभर देतं. ते थांबलं पाहिजे.

आता रोपाचं बघा. कुणी शिकिमीचं किंवा तिसऱ्याच कुठल्या झाडाचं रोप चक्रीफूल म्हणून गळ्यात मारलं, तर शेतकऱ्याला ते केव्हा कळणार? झाडाला पहिलं फळ यायला सहा-आठ वर्षं सहज जातात, भरघोस यायला पंधरा-वीस. चौथ्या वर्षीचं आश्वासन देणाऱ्यानं ते झाड फळताना पाहिलेलंच नसावं. आणि फळ आल्यावर ते खायचं का टाकायचं हे ठरवायला परत दुसऱ्याचाच आधार.

"2019 आठवतंय का?" आत्तीनं हळू आवाजात विचारलं. आमच्या वाळवा तालुक्यातून कडकनाथ कोंबड्यांच्या फसवणुकीचं प्रकरण उठलं ते साल. तेव्हाही अशीच रंगीत पत्रकं होती. गल्लीतल्या दोन घरांनी म्हशी विकून पिंजरे बांधले होते. पिंजरे अजून उभे आहेत, त्यात आता जळण ठेवतात.

भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग जे बोलला ते मला लागलं.

"आक्का, तू पुण्याला राहतेस. आत्तीचा डंका आहे. तुम्ही दोघी मला काय करू नको ते सांगता. ऊस लावला तर अठरा महिन्यांनी पैसे, तेही हप्त्यानं. खालच्या दहा गुंठ्यांत मीठ. हळदीचा भाव कधी आभाळात, कधी पाताळात. तुम्ही सांगा, मी करू काय? नवीन काही बघायचंच नाही का?"

त्याचं हे म्हणणं खरं आहे, आणि माझ्यासारख्या, गाव सोडलेल्या माणसाला त्यावर पटकन उत्तर देण्याचा अधिकार नाही. शेतकरी असल्या पत्रकाला भुलतो तेव्हा आपण त्याला लोभी म्हणतो. माझ्या भावाच्या डोळ्यांत लोभ नव्हता. तो कंटाळला होता. बापाच्या रानातून पांढरी पापडी वर येताना बघून कुणालाही कंटाळा येईल.

त्यानं औषधाचंही वाचलं होतं. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. 2009 ला पुण्यात स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू झाला. त्या काळात ज्या टॅमिफ्लू गोळीसाठी माणसं धावत होती, ती चक्रीफुलातल्या शिकिमिक आम्लापासून बनत होती. ती बनवणाऱ्या कंपनीनं चीनच्या चक्रीफुलाचा फार मोठा वाटा त्यासाठीच उचलला होता. "म्हणजे हे मसाल्याचं पीक नाही, औषधाचं आहे," भाऊ म्हणाला. "साथ आली की भाव."

खरं आहे, पण अर्धं. ते आम्ल पहिल्यांदा 1885 साली वेगळं काढलं ते त्या विषारी शिकिमीतून, म्हणून त्याला तिचं नाव. आम्लापासून गोळीपर्यंत रसायनशास्त्राच्या पुष्कळ पायऱ्या आहेत. नुसतं फूल चघळून फ्लू जात नाही. आणि पुढं कारखान्यात जिवाणूंकडून तेच आम्ल तयार करून घेता येऊ लागलं. झाडाला पंधरा वर्षं लागतात, जिवाणूला टाकीत काही दिवस. साथीच्या आशेवर झाड लावणारा त्या टाकीशी शर्यत लावतो. (मला तर साथीच्या आशेवर पीक घेणं हे ऐकायलाही नको वाटतं.)

तोवर मसाला भाजून होत आला होता. आत्ती बाद्यान सगळ्यात शेवटी घेते. खोबरं, तीळ, खसखस वेगळी, मग लवंग, मिरं, दालचिनी, दगडफूल, नाकेशर, जायपत्री. शेवटी पळीभर तेलात मंद आचेवर चक्रीफूल. ते किंचित फुगतं, रंग गडद होतो, आणि वास उठला रे उठला की कढई खाली. आणखी थोडा वेळ ठेवलं तर सुगंधी तेल उडून जातं आणि नुसता कडवटपणा राहतो. त्या वासाचं जे मूळ द्रव्य, अॅनेथॉल, तेच बडीशेपेतही असतं, म्हणून दोघांचा वास सारखा. फारसीत बडीशेपेला बादियान म्हणत, त्यातूनच आपलं बाद्यान आलं. झाडं मात्र एकमेकांची कुणी लागत नाहीत.

हे ऐकून भावानं तडक विचारलं, "मग आत्ती, तू चटणीत बाद्यानाऐवजी बडीशेप का घालत नाहीस? ती तर आपल्या रब्बीत येते. बाहेरचं नको म्हणतेस ना?"

आत्ती पेचात सापडली. मला वाटलं, आता ती काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. ती खरं बोलली.

"घालून बघितलीय. कोरोनाच्या साली बाद्यान मिळेना, तवा बडीशेप वाढवली. चटणी गोडसर झाली. वास आला, पण खाली काय न्हाईच. बाद्यानाला बूड हाय." मग थोडं थांबून म्हणाली, "माझ्या सासूनं मला ही चटणी शिकवली तेव्हा त्यात बाद्यान हुतं. तिला ते कुठनं येतं ठाऊक न्हवतं. मलापण न्हाई, आक्कानं आज सांगितलं. मी आपलं ते नीट निवडून, नीट भाजून घालायचं काम केलं. ते त्यांच्याकडं पिकू दे की. आपण त्याची चटणी करू. ती त्यांना येती का?"

"ही चटणी करून कुणाचं पोट भरतं? तू किलोमागं कांडपाची मजुरी घेतेस. चटणी विकत नाहीस."

"मग तू विक," आत्ती म्हणाली.

हे तिनं सहज म्हटलं, पण माझ्या मनात सबंध दुपार जे घोळत होतं ते हेच होतं. मिरची, हळद, धने, लसूण, कांदा, यातलं बरंच आमच्या शिवारात येतं किंवा येऊ शकतं. किलोला दहा ग्रॅम बाहेरून येतं, येऊ दे. बाकीचं सगळं आम्ही कच्चं विकतो आणि चटणी पाकिटात विकत घेतो. भावाच्या हातात रान आहे, आत्तीच्या हातात भाजणीची जाण आहे. त्याला अजून ते धंद्यासारखं दिसत नाही, कारण रोज डोळ्यांपुढं आहे.

तो लगेच तयार झाला नाही. चटणी हे बायकांचं काम असं तो म्हणाला नाही, पण चेहऱ्यावर होतं. परवाने, पाकिटं, गिऱ्हाईक, हे सगळं त्यानं पटापट मोजून दाखवलं. खोटं नव्हतं त्यातलं काही. एक मात्र त्यानं मान्य केलं: येत्या सोमवारी कसबे डिग्रजला जाईन. तिथं कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे, हळदीवरही काम चालतं आणि क्षारपड जमिनीवरही. जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा खर्च दहा गुंठ्यांना परवडतो का, ते विचारून येणार होता. मीठ उतरलं तर तिथं आधी काय लावायचं हे नंतर बघू.

"आणि शिराळ्याला दोन झाडं लावणारच," तो म्हणाला. "विकायला नाही. बघायला. सरकारी रोपवाटिकेत खात्रीचं रोप मिळालं तरच."

"लाव की. दोनाला कोण नको म्हणतंय?" आत्तीनं पत्रक उचललं, त्याची गुंडाळी केली आणि भाजलेल्या खोबऱ्याखाली तेल टिपायला ठेवली. मग सूप माझ्या मांडीवरून उचलून त्याच्यापुढं सरकवलं. "तोवर हे निवड. आक्काचं बोलण्यात निम्मं राहिलंय."

तो बसला. सुरुवातीला घाईनं, मग सावकाश. एक पाकळी मोडायची, तळहातावर घासायची, हुंगायचं. बाहेर डंक्याची मोटार सुरू झाली, लोखंडी मुसळं उखळात पडू लागली, आणि पहिल्या डब्यातली मिरची उडून सगळी गल्ली शिंकली.

"आत्ती, हे सातच पाकळ्यांचं आहे," भाऊ ओरडून म्हणाला. "ठेवू का काढू?"

आत्ती पदरानं हात पुसत आली. फळ घेतलं, पाकळी मोडली, घासली, दोनदा हुंगली. मग काही न बोलता ते ठेवायच्या ढिगात टाकलं आणि परत डंक्यावर गेली.